धुतलेली झाकणं

वाचनालयात तिला सगळे थांबाताई म्हणत. कुणी नवी डिस्क आणो, नवी वायर आणो, नाहीतर नुसती बॅटरी आणो, ही हात आडवा करून म्हणायची, "थांबा, आधी लावून बघू." खोक्यावर कितीही ठळक अक्षरांत 'सगळीकडे चालतं' असं छापलेलं असो, बाईचा काही विश्वास बसत नसे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि हिचं तोंड चांगलं चार-पाच वेळा पोळलं होतं. त्यामुळे पुढे जे झालं ते हिच्या हातून व्हावं, याचं नवल तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला वाटलं नसेल.

वाचनालय अंध वाचकांचं होतं. इथली पुस्तकं कागदावर कमी आणि आवाजात जास्त. हौशी माणसं आपापल्या सवडीने येत, वरच्या मजल्यावर भिंतींना फोम लावलेल्या छोट्या खोलीत बसून पुस्तक मोठ्याने वाचत. ते वाचन तळघरातल्या सर्व्हरवर साठायचं. ऐकणारे घरबसल्या फोन लावत, पुस्तकाचा क्रमांक दाबत आणि ऐकत बसत. तळघर थांबाताईच्या ताब्यात होतं. लग्न झाल्यावर ती इथे टायपिंगच्या कामाला लागली होती. एकदा संगणक बंद पडला, दुरुस्तीवाला आज येतो उद्या येतो करत आलाच नाही, तेव्हा हिने पदर खोचला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेतला. शिकवायला कुणी नव्हतं. पडत-झडत शिकली, आणि हळूहळू सगळं तळघरच तिच्या गळ्यात पडलं. पडलं ते तिला आवडलंही.

नवरा मालवाहू ट्रक चालवायचा, त्यामुळे महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावरच. घरात राज्य दोघींचं, तिचं आणि सासूबाईंचं. सासूबाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आयुष्यभर 'नंबर प्लीज' म्हणून निवृत्त झालेल्या. आवाज असा की, भाजीवाल्याला 'महाग आहे' म्हणाल्या तरी तो आधी ऐकत राहायचा आणि मग भांडायचा. सुनेनेच त्यांना वाचनालयात आणलं होतं. आधी नको-नको म्हणत एक बारकं पुस्तक वाचलं, मग दुसरं, आणि आता दीपगृह सांभाळणाऱ्या एका घराण्याची उशीएवढी जाड कादंबरी हातात घेतली होती. सासूबाई वाचायच्या, सून साठवायची. दोघींची रोज कुरबुर व्हायची, पण भांड्याला भांडं लागतं तेवढीच.

आणि मग जुन्या सर्व्हरच्या प्रणालीची मुदत संपत आली. ज्या कंपनीची ती विकतची प्रणाली होती, तिने कळवलं की आता या जुन्या यंत्रासाठी आमच्याकडून काही मिळणार नाही. वाचनालयाचे अध्यक्ष हे निवृत्त शाळामास्तर, सज्जन आणि काळजीने अर्धे झालेले. त्यांच्याकडे दुसऱ्या एका कंपनीचा माणूस येऊन गेला. सगळं आमच्याकडे द्या, तो म्हणाला, पुस्तकं संगणकाच्या आवाजात वाचली जातील, शब्द न् शब्द स्वच्छ. माणसांच्या आवाजातली जुनी वाचनं हळूहळू बंद करू.

थांबाताईने त्याच आठवड्यात एका विमा कार्यालयाकडून दोन वापरलेले रॅक सर्व्हर देणगी म्हणून मिळवले. पातळ, लांब, फडताळातल्या खणासारखे आत सरकणारे. त्यांवर ओपन सोर्स प्रणाली चालवायची, म्हणजे जी जगभरची माणसं मिळून लिहितात आणि कुणालाही वापरायला देतात ती, आणि सगळी वाचनं आपल्याच तळघरात ठेवायची, असा तिचा बेत.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, चाललं तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण विश्वस्तांच्या बैठकीपर्यंत चाललं पाहिजे. नाही तर मला त्या कंपनीला हो म्हणावं लागेल. ऐकणाऱ्यांच्या हातात मी मुका फोन नाही देऊ शकत."

यात चुकीचं काहीच नव्हतं, म्हणून तर ते जड गेलं.

सासूबाईंना हे घरी सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण वाचनालयात गुपित टिकतं का? सासूबाईंनी ऐकलं, आणि कादंबरी अर्ध्यावर, म्हणजे वादळात होडी बुडते की तरते अशा ठिकाणी, मिटून ठेवली.

"आई, पुढचं कधी वाचताय?"

"आता मशीन वाचणार आहे ना? मग वाचू दे की. त्याला मेल्याला खोकलाही येत नाही."

हसून म्हणाल्या. पण त्या दिवसापासून घरातला आवाज गेला. पूर्वी सकाळी पेपरातल्या बातम्या, औषधाच्या बाटलीवरच्या सूचना, शेजाऱ्यांच्या पत्रिका, हाती लागेल ते मोठ्याने वाचणारी बाई आता मान खाली घालून गवार मोडत बसायची. थांबाताईला ते फार लागलं. वाचनालय वाचवायचं होतं हे खरंच. पण तिला मनापासून हवा होता तो हा आवाज परत. तो गेला तर घर पोकळ होईल याची तिला भीती वाटत होती.

दोन्ही सर्व्हर दिसायला सख्ख्या बहिणी. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे, फक्त मागेपुढे घेतलेले. फरक पोटात होता. डिस्क सांभाळायला आत एक कार्ड असतं. एका यंत्रात ते जुन्या जातीचं होतं, दुसऱ्यात नव्या. विमा कार्यालयातल्या कुणा शिस्तीच्या माणसाने तशा पट्ट्या दोघांच्या झाकणांवर चिकटवल्या होत्या. थांबाताईने त्यांची नावंही ठेवली, जुन्या कार्डाची ती थोरली आणि नव्या कार्डाची ती धाकटी. ओपन सोर्स प्रणालीच्या नव्या आवृत्तीत जुन्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्डाशी बोलणारी आज्ञावली, काढून टाकलेली होती. नव्या कार्डाचा होता. म्हणजे कामाची ती धाकटीच.

यंत्रं आली तेव्हा धुळीने माखलेली होती, आणि थांबाताईला धूळ म्हणजे वैरीण. आतली धूळ तिने हलक्या हाताने फुंकून काढली. पण झाकणांवर डागांचे थर होते. तिने ती दोन्ही झाकणं उचलली, गच्चीवर नेली आणि सरळ साबण लावून नळाखाली धरली. पट्ट्यांवर मेण लावलेलं होतं, त्या काही निघाल्या नाहीत. सासूबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या होत्या, त्याही हात लावायला बसल्या. दोघींनी झाकणं घासूनपुसून उन्हात पालथी घातली. नंतर वारा सुटला, तेव्हा सासूबाईंनीच ती गोळा करून खाली आणली. सून स्क्रू शोधत होती. तिने एक या यंत्रावर, एक त्या यंत्रावर सरकवलं. दोन्ही कशी खटकन बसली. काय लखलखत होती.

वाचनालयात जुनं सामान साठवायचं नाही असा अध्यक्षांचा दंडक होता. तेव्हा थोरली मोडक्या खुर्च्यांबरोबर भंगारात गेली. थांबाताईने तिला जाताना मायेने थोपटलं. धाकटी रॅकमध्ये चढली.

आणि धाकटी रुसली.

प्रणाली सुरू व्हायची, सगळं ओळखायची, आणि डिस्कपाशी आली की म्हणायची, डिस्क नाही. चार डिस्का डोळ्यांसमोर दिवे लावून बसलेल्या, आणि ही म्हणते नाहीत. थांबाताईने वायरी बदलल्या. डिस्का काढल्या, घातल्या, जागा बदलून घातल्या. प्रणाली नव्याने उतरवून घेतली. कार्डासाठी दुरुस्तीची फाइल आणली, तर ती 'हे माझ्यासाठी नाही' म्हणून परत फिरली. "फाइलच खराब दिसते," असं म्हणून बाईने तिलाच दोष दिला. दुसरं कार्ड बसवावं म्हटलं तर बाजारात त्या मापाचं कार्ड मिळेना. बैठक जवळ येत चालली होती, आणि अध्यक्ष जिना उतरून येत, दारातून बघत, काही न विचारता परत जात. विचारलं असतं तर बरं, असं तिला व्हायचं.

शेवटी तिने प्रणाली लिहिणाऱ्या मंडळींच्या सामायिक पत्रव्यवहारात लिहिलं. तिथे एक गृहस्थ त्या कार्डांचं काम सांभाळतो. कुठल्या देशात, कुणास ठाऊक. त्याने दोन ओळींत मागितलं: यंत्र स्वतःच्या भागांची जी ओळख सांगतं ती जशीच्या तशी पाठवा. तिने आज्ञा दिली, पडद्यावर हातभर मजकूर आला, तो न वाचता तसाच पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर हजर.

"तुम्ही म्हणता ते कार्ड या यंत्रात नाही. यात आहे ते जुनं, आणि त्याचा ड्रायव्हर आम्ही काढून टाकला आहे. आपण दोघं एकाच यंत्राबद्दल बोलतो आहोत ना, एवढं कृपया तपासून बघा."

थांबाताईचा पारा चढला. एकाच यंत्राबद्दल म्हणजे काय? यंत्र समोर, पट्टी समोर. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिने तावातावाने उत्तर लिहायला घेतलं, आणि पुरावा म्हणून पट्टीचा फोटो जोडावा असं ठरवलं. रॅकच्या वरच्या खणाची सावली पडत होती, म्हणून झाकण काढून खिडकीपाशी नेलं. उजेडात तिरपं धरलं, तर आतल्या बाजूला साबणाचा एक ओघळ वाळलेला दिसला.

ती त्या ओघळाकडे बघत राहिली. गच्ची आठवली. पालथी घातलेली दोन झाकणं आठवली, आणि खटकन बसल्याचा तो समाधानाचा आवाज आठवला. बसणारच. बहिणीबहिणींची मापं एकच होती. पट्टी झाकणावर होती, कार्ड पोटात होतं, आणि खोक्यावरच्या अक्षरांवर जन्मात विश्वास न ठेवणाऱ्या बाईने झाकणावरच्या अक्षरांवर डोळे मिटून ठेवला होता. रॅकमध्ये चढून बसली होती ती थोरली. भंगारात गेली होती ती धाकटी.

तिला रडू आलं, मग स्वतःचा राग आला, आणि मग ती धावत जिना चढली. वर सासूबाई तिचा डबा घेऊन नुकत्याच आल्या होत्या.

"काय झालं गं? चेहरा का असा?"

तिने भडाभडा सांगितलं. फक्त झाकणं खाली कुणी आणली ते सांगितलं नाही.

सासूबाईंनी नीट ऐकलं. "म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

"हो आई."

"आणि झाकणं मी आणली होती."

"आणली तुम्ही, पण बसवली मी. बघायला नको होतं मी?"

"ते तू तुझं बघ. माझी चूक माझ्या नावावर राहू दे. या वयात नवीन काही नावावर लागत नाही." त्यांनी डबा टेबलावर ठेवला आणि चप्पल पुन्हा पायात सरकवली. "चल. संन्यासी जिवंत आहे का बघू."

भंगारवाल्याचं आवार गावाच्या कडेला होतं. पत्र्याचे, तारांचे, फ्रिजच्या दारांचे ढीग, आणि मधल्या खुर्चीवर वर्तमानपत्राने वारा घेत बसलेला मालक. धाकटी एका टेबलावर उघडी पडली होती. पोटातले पंखे काढून नेलेले. झाकणात त्याने सुट्टे स्क्रू भरून ठेवले होते.

"भाऊ, हे आमचं चुकून आलं," थांबाताई म्हणाली.

"चुकूनच येतं सगळं ताई. इथे मुद्दाम कोण येतो?" तो उठला. "पंखे सकाळीच गेले. बाकीचं आहे तसं आहे. हात नाही लावला."

"दुसऱ्या कशाला नाही ना लावला?" सासूबाईंनी एक्स्चेंजच्या आवाजात विचारलं.

तो सरळ उभा राहिला. "नाही हो आई. शप्पथ."

जेवढ्याला दिलं तेवढ्यालाच त्याने परत दिलं, वर टेम्पोत चढवायलाही हात लावला. स्क्रू मात्र आधी मोजून दुसऱ्या डब्यात ओतून घेतले.

येताना टेम्पोत थांबाताई मनाशी हिशेब करत होती. पंखे नसले तर यंत्र तापतं आणि स्वतःलाच बंद करतं. या मापाचे पंखे बाजारात शोधायचे म्हणजे पुन्हा दिवस जाणार, आणि बैठक तर येऊन ठेपलेली. सासूबाई मांडीवर धाकटीचं झाकण घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ त्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "झाकणं एकमेकींची बसली, मग पंखे नाही का बसायचे?"

सुनेने वळून त्यांच्याकडे बघितलं. हे तिला सुचायला हवं होतं, आणि पाच-दहा मिनिटांत सुचलंही असतं, असं ती नंतर सगळ्यांना सांगायची. सासूबाई म्हणायच्या, पंधरा तरी लागली असती.

थोरलीचे पंखे धाकटीला बसले. दुपारच्या उजेडात, तळघराच्या फरशीवर बसून थांबाताईने एकेक पंखा दाबून बसवला, वायर जोडली, थोरलीतल्या चारही डिस्का तिच्यात सरकवल्या, आणि यंत्र चालू केलं. या खेपेस पट्टी वाचली नाही. आधी यंत्रालाच विचारलं, बाई तुझ्या पोटात काय आहे ते तूच सांग. आलेला मजकूर बोट ठेवून शब्द न् शब्द वाचला. नवं कार्ड. मग प्रणाली सुरू केली. डिस्कपाशी आल्यावर ती क्षणभर थबकली, आणि पडद्यावर एकाखाली एक चारही डिस्का उमटल्या. थांबाताईने कपाळ यंत्राच्या कडेला टेकलं आणि तशीच बसून राहिली. तिला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

त्या परदेशी गृहस्थाला लिहायचं अर्धवट उत्तर तिने पुसून टाकलं आणि खरं ते लिहिलं, साबणासकट. त्या मंडळींची रीतच अशी की, आपण कुठे ठेचकाळलो ते सांगून जायचं, म्हणजे मागून येणारा जपून पाऊल टाकतो. त्याचं उत्तर आलं: "इतकी वर्षं हे काम करतो आहे, पण सर्व्हर धुणारं माणूस पहिल्यांदाच भेटलं. आमच्या सूचनांच्या पानावर एक ओळ घातली आहे: झाकणावर विसंबू नका, यंत्राला विचारा. तुमची वाचनं सुखरूप राहोत."

बैठकीला थांबाताईने काही लपवलं नाही. विश्वस्तांतले दोघेतिघे खाली बघून हसले. एकजण म्हणाला, कंपनीकडे अशा चुका होत नसतील. "होत असतील," अध्यक्ष म्हणाले, "आपल्याला कळत नसतील." मग त्यांनी थांबाताईकडे बघून एकच प्रश्न विचारला, "पुन्हा झाकणं बदलली तर?"

"आता नाव झाकणावर नाही, साहेब. अंगावर लिहिलंय, तैलरंगाने. आणि ते वाचायचंही नाही असं ठरवलंय."

अध्यक्ष मोठ्याने हसले. एवढे दिवस काळजीने ओढलेला चेहरा एकदम सैल झाला. "मग राहू दे आपलं आपल्याकडे," ते म्हणाले, आणि त्या कंपनीला नकार गेला.

पण घरात अजून शांतताच होती. सासूबाईंनी बातमी ऐकली, "छान झालं," म्हणाल्या, आणि गवार पुढे ओढली. कादंबरीचं नाव काढलं की विषय बदलायच्या. थांबाताईला वाटलं होतं की यंत्र चाललं की आवाज आपोआप येईल. तो आला नाही. यंत्राला काय हवं ते यंत्र सांगतं, नीट विचारलं की. माणसाला कसं विचारायचं हे तिला कळेना. एकदा धीर करून म्हणाली, "आई, आता मशीन नाही वाचणार."

"ते कळलं गं," सासूबाई म्हणाल्या. "पण त्या कंपनीच्या माणसाने सांगितलं आणि सगळ्यांना क्षणभर पटलंच ना, की मी नसले तरी चालेल? मलाही पटलं. ते काही निघत नाही मनातून."

 सून त्यांच्याजवळ बसून गवार मोडू लागली.

धाकटीवरून पुस्तकं ऐकवायला सुरुवात झाली त्या दिवशी थांबाताई वरच्या टेबलाशी फोन घेऊन बसली होती; काही बिघडलं तर ऐकणाऱ्यांचे फोन तिथेच येत. कामं हातावेगळी व्हावीत म्हणून फोनचा स्पीकर लावून ठेवलेला. सासूबाई डबा घेऊन आल्या आणि समोरच्या बाकावर टेकल्या. तेवढ्यात फोन वाजला.

एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता. "त्या दीपगृहाच्या पुस्तकाबद्दल विचारायचं होतं."

"बोला काका. ऐकू नीट येतंय ना? आज सर्व्हर बदललाय."

"येतंय, येतंय. पुस्तक अर्ध्यावर थांबलंय."

"हो, ते... पुढचा भाग लवकरच—"

"नाही हो, पुस्तकाचं राहू दे," तो मध्येच म्हणाला. "होडी काय, तरेल नाहीतर बुडेल. त्या वाचणाऱ्या बाई बऱ्या आहेत ना, एवढंच विचारायला फोन केला. मध्येच थांबायच्या नाहीत कधी. गेले कित्येक दिवस रोज तो भाग लावून बघतोय, पुढे काही येतंय का म्हणून. घरात मी एकटाच असतो. म्हटलं, आजारी पडल्या असतील तर विचारणारं कुणी आहे की नाही."

थांबाताईने समोर बघितलं. सासूबाई हातातल्या डब्याच्या कडीकडे बघत होत्या.

"काका," थांबाताई म्हणाली, "त्या इथेच आहेत."

"इथेच? मग त्यांना सांगा, घाई नाही. मी आहे."

सासूबाई उठल्या. फोनवर हलकेच हात ठेवून त्या तशाच फोमच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. थांबाताईने काकांचा निरोप घेतला आणि जिना उतरून तळघरात गेली. पडद्यावर धाकटीच्या डिस्कमध्ये एक नवी फाइल उघडली होती. तिच्यात अजून काहीच नव्हतं. मग आकडा हलला, आणि हळूहळू वाढू लागला.